एक बाइट पुढे

लसपेटीच्या नोंदीत पुन्हा नऊ अंश दिसले, तेव्हा हेन्दार्तोने कॉफी बाजूला सारली.

"दोन ते आठ अंश पाहिजेत, पाक," फोनवर बेटावरच्या दवाखान्यातली सिस्टर सेल्फिना सांगत होती; तिकडे पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला इबू. "नऊ म्हणजे लस बाद. नियमाने आज जाळायची. आणि माझ्या नवऱ्याला काल संध्याकाळी कुत्रं चावलंय, पिसाळलेलं."

"हाताला पेटी गार लागते का?"

"चांगली गार लागते. पण माझ्या हाताला कोण विचारतंय? जिल्ह्याचं ऑफिस तुमचा आकडा बघतं."

"संध्याकाळपर्यंत थांबा, इबू. आकडा खोटा असला तर मी पकडतो."

सुराबायाच्या त्या छोट्या ऑफिसात पेटीच्या आतला प्रोग्रॅम लेस्तारीचा आणि आलेल्या नोंदी वाचणारा हेन्दार्तोचा. दोन वर्षं सात बेटांचे आकडे गुण्यागोविंदाने येत होते. सेल्फिनाचं बेट गेल्या आठवड्यात यादीत आलं आणि पहिल्याच दिवशी रुसलं.

"तुझ्या प्रोग्रॅमला बोट लागली असेल," लेस्तारी म्हणाली.

"तुझ्या पेटीला लागली असेल."

दोघांनी कच्ची नोंद उघडली आणि दुपार उलटेपर्यंत एकेक बाइट बोटाने मोजत गेले. पेटीतल्या यंत्राला जागा तुटपुंजी, म्हणून लेस्तारीने सगळे आकडे एकमेकांना खेटून लिहायला लावले होते. ऑफिसचा कॉम्प्युटर मात्र स्वतःच्या सोयीसाठी तापमानाआधी एक बाइट मोकळा धरून वाचतो. तसं करू नकोस, असं त्याला एका ओळीत बजावावं लागतं. ती ओळ हेन्दार्तोने लिहिलीच नव्हती. सी भाषेत पोळलेली माणसंही हे विसरतात, आणि विसरल्यावर दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासतात.

म्हणजे त्याचं वाचन एक घर पुढे सरकलं होतं. तापमान सोडून तो पुढच्याच घरातला आकडा उचलत होता.

"पुढच्या घरात काय आहे?" त्याने विचारलं.

"बेटाचा नंबर," लेस्तारी म्हणाली. "या बेटाचा नऊ."

हेन्दार्तोला हसू आवरेना. पहिला नंबर ऑफिसच्या साहेबांनी शुभ म्हणून राखून ठेवला होता, बेटं दोनपासून सुरू झाली होती. चाचणीला त्या दोघांनी चार नंबरची पेटी घेतली होती आणि फ्रिजही नेमका चारवर ठेवला होता. चार आले, आणि दोघं जेवायला गेले होते.

त्याने राहिलेली ओळ लिहिली. नऊचे पाच झाले. लस अगदी ठणठणीत होती.

"मग बाकीच्या बेटांचं काय?" लेस्तारीने विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता.

"आताच बघू," तो म्हणाला. जुन्या नोंदी पुन्हा वाचायला लावून त्याने फोन उचलला. आधी त्या बाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता.

"तुमच्या पेटीत पाच अंश आहेत, इबू. नवऱ्याला लगेच टोचा."

पलीकडे ती हसली. "उशीर केलात, पाक. दुपारी जिल्ह्याचा माणूस आला, त्याच्यासमोर सगळी जाळली. आता शुक्रवारच्या बोटीशिवाय दुसरी येत नाही."

"मग तुमचे मालक?"

"ते सुखरूप आहेत. मला काही राहवेना. सकाळीच त्यांना होडीने शेजारच्या बेटावर धाडलं. तिथल्या पेटीचा आकडा दोन वर्षांत तसूभर हलला नाही म्हणे, कायम सहा. आत्ताच टोचून घेतल्याचा फोन आला. तुम्हीसुद्धा आता निवांत घरी जा."

समोर सुधारलेली यादी एकेक ओळ उतरत होती. दोन नंबर, पाच अंश. तीन नंबर, चार. चार नंबर, सात. पाच नंबर, पाच.

सहा नंबर, तेहतीस अंश, गेले अकरा दिवस.