गादीखालच्या चपला

सगुणाच्या चपला आजही दाराबाहेर नव्हत्या. मेधाने आत जाऊन गादी उचलली, तर त्या उशाच्या बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. बालगृहातून पोरीला घरी आणल्यापासून हेच चाललं होतं. "पळायच्या तयारीत आहे ती," शेजारीण म्हणाली, आणि तेव्हापासून मेधाच्या मनात पाल चुकचुकत होती. दाराची वरची कडी ती आता आठवणीने लावायची.

सहा-सात वर्षांची पोर, पण नजर सारखी दाराकडे. मेधाच्या नवऱ्याची स्कूटर वाजली की तिच्या हातातला घास हातातच राहायचा. तो हसत आत आला, की मगच तोंडात जायचा.

रविवारी मेधा भाजीला निघाली, तर तिच्याच चपला गायब. आता मात्र तिचं डोकं फिरलं. तरातरा आत जाऊन तिने गादी उलटली. सगुणाच्या इवल्या चपलांना खेटून तिच्या चपला ठेवलेल्या होत्या.

"माझ्या कशाला गं घेतल्यास?"

सगुणा भिंतीला चिकटली. "काका मारायला लागले की पळायचं ना, काकू. आमच्या आईला चपला सापडल्याच नाहीत. ती मागे राहिली."

मेधा तिच्यासमोर खाली बसली. "अगं, काका कधी मारतात का?"

"अजून नाही."

मेधाने गादी होती तशी अंथरली, पिशवी उचलली आणि अनवाणीच भाजीला गेली.