मिरिसाचे दहा दिवस

दिगंबरने जेवणाच्या टेबलावर श्रीलंकेचा नकाशा पसरला. "टूरवाल्याच्या झेंड्यामागे मेंढरांसारखं फिरायचं नाही. सगळा बेत माझा."

शालनने त्याची वही वाचली. कोलंबोत सोमवारी डायलिसिस, कँडीत गुरुवारी, गॉलला रविवारी. गेली सात वर्षं दोघांचं आयुष्य असंच त्याच्या डायलिसिसच्या वारांवर चाललं होतं. नंतर मिरिसाच्या किनाऱ्यावर दहा दिवस, आणि त्यापुढे लिहिलेलं नुसतं 'समुद्र'.

"अहो, इथे डायलिसिस लिहायचं राहिलंय."

"राहिलं नाही गं. त्या मशीनला सुट्टी नको?" त्याने डोळा मारला.

दोन खाडे झाले की खेळ खलास, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. सुयांनी गाठाळलेल्या त्याच्या हातावर ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली.

"येताना मला खिडकीची सीट घ्या," ती म्हणाली. "शेजारी कोण येऊन बसलंय, ते बघायला नको."