अंगठ्याला कळत नाही

"टोपी बसली का बघ," असं म्हणून प्रकाशने काडतूस कॅमेऱ्यासमोर धरलं.

निशिकांतने लॅपटॉप जवळ ओढला. सिंगापूरमध्ये, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, शनिवारची सकाळ होती. तिकडे अमेरिकेत, टक्सनमध्ये, शुक्रवारची संध्याकाळ. थोरला भाऊ प्रकाश गॅरेजमध्ये एकटाच बसला होता. स्काइपवर त्याचा नुसता हात दिसत होता आणि त्यात पितळेचा एक पिवळा ठिपका नाचत होता.

"हलवू नकोस, दादा."

"मी कुठे हलवतोय?"

निशिकांतने चित्र मोठं केलं.

नेमबाजीच्या क्लबसाठी लागणाऱ्या पिस्तुलाच्या गोळ्या प्रकाश कित्येक वर्षं घरीच भरायचा. उडवलेल्या काडतुसाच्या बुडाशी एक बारीक खळगा असतो, त्यात स्फोटक भरलेली मसुराएवढी नवी टोपी दाबून बसवायची. ती सपाट बसायला हवी. वर राहिली तर धोका. बसली की नाही हे तो अंगठा फिरवून ओळखायचा, बघायचाही नाही. पण वर्षभरात हाताला कंप सुटला होता, बोटं बधिर झाली होती. टोप्या तिरक्या जात होत्या आणि अंगठ्याला काही कळत नव्हतं. शैलावहिनी जाऊनही आता वर्ष होत आलं होतं. बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"वर आहे का रे थोडी?"

"चित्र फुटतंय. नीट दिसत नाही."

"नीट बघ ना, निशी. उद्या मॅच आहे."

निशिकांतची बायको सविता स्वयंपाकघरातून आली आणि तिने खिडकीचा पडदा ओढला. "कॉरिडॉरमधून माणसं जातात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इथले बंदुकीचे कायदे कडक. असलं काही स्क्रीनवर बघताना दिसलो तरी लोक काय म्हणतील!"

निशिकांत पुढे वाकला. ठिपका, कडा, पुन्हा ठिपका. टोपी वर आहे असं त्याला वाटलं. मग वाटलं, सावली असेल. हिशेबाच्या कामात तो कधी अंदाजाने बोलत नसे.

"आहे बहुतेक वर," तो म्हणाला. "राहू दे ती. टाकून दे."

"टाकायची कशाला? आणखी एकदा दाबतो."

"दादा, नको. दादा!"

लॅपटॉपमधून फट् असा आवाज आला. चित्र गरकन फिरलं आणि छतावरच्या ट्यूबलाइटवर जाऊन थांबलं.

"दादा?"

ट्यूबलाइट तेवढी दिसत होती.

"दादा! ऐकतोयस का? दादा!"

सविताने त्याचा खांदा धरला. "त्यांच्या शेजाऱ्यांपैकी कुणाचा तरी नंबर आहे ना?"

नव्हता. निशिकांतच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर त्याने सवयीने नऊ-नऊ-पाच दाबलंही होतं. मग त्याच्या लक्षात आलं, या नंबरावर अॅम्ब्युलन्स येईल ती इथेच खाली, आपल्या ब्लॉकच्या पोर्चमध्ये. त्याने फोन कापला. टक्सनच्या घराचा पत्ता आठवायचा प्रयत्न केला. रस्त्याचं नाव आठवलं, घराचा नंबर आठवेना. भावाला त्याने कधी काही पाठवलंच नव्हतं.

खूप वेळाने काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. चित्र हललं, सरळ झालं. प्रकाशचा चेहरा आला. चष्म्याची एक काच तडकली होती, तिच्या खाली गालावर रक्ताची बारीक रेघ होती.

"काही नाही रे," तो फार मोठ्याने म्हणाला. "कान बसलेत. काही ऐकू येत नाहीये."

"डोळा? डोळ्याला लागलं का?"

"काय?"

निशिकांतने खाली टाइप केलं. प्रकाशने स्क्रीनजवळ येऊन वाचलं. "डोळा शाबूत आहे. चष्म्याने वाचवलं."

निशिकांतची बोटं धडाधड चालू लागली. हे सगळं आत्ता बंद कर. डॉक्टरकडे जा. उद्या मॅचला जाऊ नकोस.

प्रकाशने सावकाश वाचलं. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने तडकलेली काच पुसत बसला.

"मॅच नाहीये," तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "क्लबने नाव काढलं मार्चमध्ये. हात असा, म्हटल्यावर त्यांचंही बरोबर आहे. पिस्तूलही विकून टाकलं मी."

सविता मागे उभी होती. निशिकांतने वळून तिच्याकडे पाहिलं.

मग ह्या गोळ्या कशाला भरतोयस? निशिकांतने लिहिलं.

प्रकाशने वाचलं.

"शैला होती तोवर संध्याकाळ कशी जाते हे कधी बघावं लागलं नाही," प्रकाश म्हणाला. "आता सहा वाजले की इथे येऊन बसतो. निदान हे एक तरी जमतं असं वाटायचं."

"इकडे या म्हणून लिही ना," सविता म्हणाली. "आपल्या आर्याची खोली देऊ त्यांना. लिही."

निशिकांतने लिहिलं, दादा, इकडे ये. आमच्याकडे राहा.

प्रकाशने चष्मा लावला, पुढे वाकला आणि वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. मग मान हलली, आणि हलतच राहिली.

"काय म्हणतायत?" सविताने विचारलं.

निशिकांत स्क्रीनकडे बघत होता. ती मान नकाराने हलतेय की हातासारखी नुसतीच, हे त्याला कळेना.