पहिल्या भट्टीचं पाणी

बापाच्या कबरीशी मोनीरनं बाटलीचं बूच काढलं आणि आईनं तिचं मनगट धरलं.

"ओतू नकोस."

बाटलीत यंदाच्या पहिल्या भट्टीचं गुलाबपाणी होतं. उस्ताद नेमत हिवाळ्यात गेला आणि त्याची भट्टी लेकीनं पेटवली. पहाटे फुलं तोडली, तांब्याच्या हंड्यात भरली, झाकणाच्या कडा चिखलानं लिंपल्या आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत विस्तवापुढून हलली नाही. इराणातल्या या कमसर गावात पहिलं पाणी घरच्या माणसाच्या कबरीवर ओततात, बाजाराचं मग बघतात. बापाला पसंत पडेल की नाही, या धाकधुकीनं तिला धड झोप नव्हती. मेलेल्याची पसंती कळणार कशी, हे काही तिला सांगता आलं नसतं.

"फिकं झालंय का?" तिनं विचारलं.

"छान झालंय."

"मग करपलंय थोडं?"

"छान झालंय म्हटलं ना. पण त्याच्यावर नको."

पलीकडे शेजारची कौकबखानम आपल्या नवऱ्याच्या कबरीवर सढळ हातानं बाटली उपडी करत होती. गुरुवारची संध्याकाळ, सगळं कब्रस्तान घमघमत होतं. "काय गं मोनीर," ती म्हणाली, "उस्तादाला कोरडाच ठेवतेस की काय? एवढी कंजुषी बापाशी?"

"ओततोय, ओततोय," आई म्हणाली आणि कौकबखानम फाटकाबाहेर जाईपर्यंत गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला हा वास सहन होत नसे. डोकं उठायचं."

मोनीरला आधी वाटलं, आई थट्टा करतेय. मग वाटलं, दुःखानं भ्रमली असेल.

"आगाजानना? गुलाबाचा वास?"

"लग्नाच्या रात्रीच सांगितलं त्यानं मला. आणि शपथ घातली. कमसरचा गुलाबपाणीवाला नि गुलाबानं डोकं धरून बसतो, गावानं जगू दिलं असतं का?"

"मग पारख कशी करायचे?"

"जिभेवर थेंब घेऊन. नाकाशी कधी नेलेलं पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. उस्तादाची जीभ म्हणून गाव त्याचं कौतुक करायचं. फुलांच्या दिवसांत तो गच्चीवर निजायचा, ते उकाड्यामुळे असं तिला वाटे. गुलाबपाणी घातलेल्या केशरी गोड भाताची वाटी तो तिच्यापुढे सरकवायचा, ते लाडामुळे. आता यातलं खरं काय नि काय नाही, तिला काही उमगेना. एवढं मात्र आठवलं की हिवाळ्यात तो फार हसायचा.

"दफनाच्या वेळी तर सगळ्यांनी बाटल्या ओतल्या त्यांच्यावर."

"मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी एकटीच आले आणि नुसत्या पाण्यानं धुऊन काढलं."

"आई, मग मी भट्टी कशाला पेटवली?"

"मला काय विचारतेस? मला वाटलं, तुला आवडतं."

मोनीरनं बाटलीला बूच लावलं. आवडतं का, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तिला बापाचा राग आला, लगेच त्याची कीवही आली. ती नळावर गेली, बादली भरून आणली आणि दगड साध्या पाण्यानं धुतला. नावातल्या अक्षरांत अडकलेली धूळ आई काडीनं काढत होती.

आता फातिहाची प्रार्थना म्हणायची. आईनं दगडाला बोटं टेकवली. मोनीरनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ती पुन्हा नळावर गेली. हात चोळले, मातीनं घासले, पुन्हा चोळले. हुंगून पाहिलं. मोसम सुरू झाल्यापासून हे हात फुलांत होते. वास जायला तयार नव्हता. ओले हात तसेच धरून ती कबरीशी येऊन उभी राहिली.

"जात नाहीये," ती म्हणाली.

"बैस," आई म्हणाली. "आणि हात ठेव. नाहीतर त्याला कळायचं कसं, कोण आलंय?"