जमुनाबाईचा तारा

तिसऱ्या काठीला जमुनाबाईचा हात मोडला. कडुनिंबाला बांधलेली ती साठीची विधवा नीट ओरडलीसुद्धा नाही. समोरचे दात भुवनेश्वरने मघाशीच दगडाने पाडले होते. दात पाडले की चेटकिणीचा मंत्र लुळा पडतो, असं मांत्रिक कवडूने सांगितलं होतं.

भुवनेश्वर शेजारचाच. कालपर्यंत तिला काकी म्हणणारा. त्याची सहा वर्षांची रिंकी तीन दिवस तापाने फणफणत होती. जमुनाबाईने पहिल्याच दिवशी पोरीच्या कपाळाला हात लावून सांगितलं होतं, ‘‘हिले देवरीले दवाखान्यात ने, बापा.’’ त्याने नेलं कवडूकडे. कवडूने सुपात तांदूळ टाकले आणि नाव काढलं, पोरीला पहिला हात लावणारीचं. मग काय, गावाला पटलंच.

‘‘बोल बुडे, काय केलीस माह्या पोरीले?’’

‘‘काईच नाई केलं, बापा.’’

तासभर ती हेच सांगत होती. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा लोकांच्या पायांखाली चेंदा झाला होता. शेवटी भुवनेश्वरने कुऱ्हाड उचलली. जमुनाबाईने डोळे मिटले.

मिटल्या पापण्यांतून उजेड आत आला. डोळे उघडले तर भर दिवेलागणीला दुपार झालेली! जंगलाच्या बाजूने एक जळता गोळा आला, ऐन डोक्यावर फुटला आणि त्याचे तुकडे पेटतच चहूकडे पांगले. अंधार परतला. कुणी हललं नाही. मग असा धडाका झाला की घराघरांची कौलं खडखडली.

सगळ्यांत आधी कवडू पालथा पडला. ‘‘चुकलो माय! आभाळ फोडलीस तू!’’

मघाचे काठीवाले मातीत नाक घासू लागले. जमुनाबाईला जन्मात आला नव्हता असा संताप आला. त्या ताऱ्याशी आपला काडीचा संबंध नाही, हे तिच्या ओठांवर आलंही. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलच्या उजेडात आईच्या खांद्यावरची रिंकी दिसली. पोरीने मान टाकली होती; छाती तेवढी धपापत होती.

जमुनाबाईने तोंडातलं रक्त थुंकलं.

‘‘हो, माहीच करणी हाये थे. पोरीले आत्ताच देवरीले दवाखान्यात न्या. नाई तं दुसरा तुमच्या घरावर पाडीन.’’

दोन मिनिटांत पोरीला घेऊन मोटारसायकल सुटली. अंगण रिकामं झालं.

जमुनाबाईचा दोर सोडायला मात्र कुणी जवळ येईना.