मेडिकल, पंप, कृषी केंद्र

लाल फेटा.

चिवड्याच्या पुडीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह.

"एवढं पाहत कोन बसंल, बाई? प्याला असंल, पडला असंल कुठं तरी."

मेडिकलवर उंच लावलेला कॅमेरा, जरा कलंडलेला.

कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञेच्या ओळीच्या शेवटी एक छोटीशी खूण. ती टाकली की काम मागे चालू राहतं.

शीला वाशीमच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिचा बाप लखमा ऊसतोडीला गेला होता, तो घरी आलाच नाही. टोळीचा मुकादम उदयसिंग त्यांच्याच बंजारा तांड्यातला, नात्यातलाच. तो सांगे, "ताप भरला म्हून टेम्पोत घालून आनला. मालेगाव फाट्यावर उतरला, पायी गेला."

"कोनत्या दिवशी, काका?"

"सोमवार असंल, नाही तं मंगळवार. हंगामात वार कोन मोजते?"

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. माणूस हरवतो आणि याला वार आठवत नाही! ठाण्यातल्या साहेबाने तर अर्ज वाचलाही नाही. "एवढं पाहत कोन बसंल" हे त्याचंच वाक्य.

मग शीलाच बसली. चिवड्याच्या पुडीतल्या त्या पेन ड्राइव्हवर फाट्यावरच्या तीन दुकानदारांनी कॅमेऱ्यांचं चित्रण दिलं: मेडिकल, पंप, कृषी केंद्र. वरून घेतलेल्या चित्रात चेहरे कुठले दिसायला? पण फेटा दिसतो. लखमा फेट्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे, झोपताना उशाशी घेई. तिने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी आज्ञांची यादी, लिहिली. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक काम सुरू करायचं, मागे सोडून द्यायचं, त्याने लाल फेटा शोधत बसायचं. लॅपटॉप क्लासचा, दिवसा त्यावर शिकवायचं असे.

"शीला, हा तापला कायले?" क्लासच्या विजयमाला मॅडमनी विचारलं. "चालू तं काहीच दिसत नाही."

"मागं चालू हाये, मॅडम."

"मागं? मागं तं भिंत हाये!"

पहिल्यांदा पडद्यावरची खिडकी बंद केली आणि कामही मेलं. दुसऱ्यांदा ते मेलं नाही, पण अडकून बसलं. काय काय पाहिलं ते सांगत होतं आणि स्क्रिप्टमध्ये ते वाचून घेणारं कोणी नव्हतं. सांगायचं साचलं, तोंड भरलं, काम थांबलं. 'ठाण्यासारखंच,' ती पुटपुटली. मग प्रत्येकाला लिहायला वेगळी फाइल दिली. आता मात्र चाललं.

मेडिकल: संपलं. शून्य.

पंप: संपलं. शून्य.

कृषी केंद्र: संपलं. शून्य.

शीला लॅपटॉप घेऊन थेट तांड्यावर गेली. तांडाप्रमुख नायक मोहनसिंगच्या ओट्यावर माणसं जमली. तिची आई हिरीबाई पुढेच बसली होती.

"लबाड हाये हा!" शीला ओरडली. "बा फाट्यावर आलाच नाही. मशीननं सारं पाह्यलं."

उदयसिंगचा चेहरा उतरला. "सेवालालची आन, पोरी, मी त्याले उतरवलं. पाठमोरा जाताना पाह्यलं. तुह्या मशीननं काय पाह्यलं ते तं सांग."

"सारं पाह्यलं म्हनलं ना."

"अवं पन ते त्याले वळखते कशावरून?"

"तुले समजनार नाही, काका. तू फक्त खोटं बोलू नको!"

"माह्या मानसाले तिकडंच पुरलं यानं," हिरीबाई म्हणाली आणि तिने त्याच्या पायांपुढे माती फेकली.

नायकाने लॅपटॉपवरची तीन शून्यं पाहिली. मग म्हणाला, "मानूस मानसाची बाजू घेते. मशीन कोनाचं सोयरं नाही. ते कायले खोटं बोलंल?"

उदयसिंगला ठाण्यात नेलं. साहेबाने या वेळी लगेच लिहून घेतलं. कॉम्प्युटरचा पुरावा म्हटल्यावर तो खुर्चीतून उठलासुद्धा. दोन जीप साखर कारखान्याकडे निघायच्या तयारीत उभ्या राहिल्या, फावडी आणि कुदळी घेऊन.

शीलाचा भाऊ अमरदीप इतके दिवस फाट्याजवळच्या मालेगावात बापाचा फोटो दाखवत फिरत होता. देवळं झाली, धर्मशाळा झाली, बसस्टँड झाला. तिने त्याला फोन केला.

"ये माघारी. बा तिथं आलाच नाही."

"दवाखाने पाहून राह्यलो, ताई. एक राह्यला. तेवढा पाहून येतो."

"कायले फुकट चपला झिजवतं? जीप थांबली हाये तुह्यासाठी."

"पन ताई..."

"ये म्हनलं ना!"

अमरदीप माघारी आला.

कारखान्यावरून निघायच्या सकाळी लखमाच्या बैलाचं शिंग मोडलं होतं. त्याने डोक्यावरचा फेटा सोडून ते बांधलं आणि बोडक्यानेच टेम्पोत चढला.