पुढच्या वर्षाचा समुद्र

एनारने आईला समुद्रात न्यायला हात पुढे केला, पण तोवर आईने पीचचा मोठा लचका तोडला होता.

"खाल्लास?" लेकीने विचारलं.

"खाल्ला. आता दोन तास गेले," फुएनसिस्ला म्हणाली आणि हनुवटीवरचा रस पुसत खुर्चीत मागे टेकून बसली.

यावर बोलायची सोयच नव्हती. पोटात अन्न असताना समुद्रात शिरलं की पचन अडतं आणि माणूस दगडासारखा तळाला जातो, हे गांदियाच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जेवण झालं की पोरं छत्र्यांखाली तोंडं पाडून बसतात आणि आया घड्याळं बघतात. डॉक्टर लोक याला हसतात म्हणे. हसोत बापडे. त्यांच्याही आयांनी त्यांना असंच बसवून ठेवलं होतं.

फुएनसिस्लाइतका हा नियम कडक कुणी पाळत नसे. फक्त तिची भूक मोठी हुशार होती. पाण्यात चल म्हटलं की नेमकी लागायची. मग कधी बटाट्याच्या ऑम्लेटचा तुकडा, कधी कलिंगडाची फोड.

"अगं, तुझ्यासाठी मी उजाडायच्या आत येऊन पहिल्या रांगेत छत्री रोवतो," शेजारचा म्हातारा कास्तो करवादायचा, "आणि तू इथे बसून जेवतेस? जेवायला मागे हॉटेलं काय कमी आहेत?"

"आणि बघणार कुठून? तुझ्या टकलाच्या मागून?"

ती सेगोवियाकडच्या डोंगराळ गावातली. नवरा होता तेव्हापासून दर ऑगस्टला इथे यायची. इथे करण्यासारखं सगळं तिने हौसेने केलं होतं. पायाने चालवायच्या होडीत बसून ती किंचाळली होती. निखाऱ्यावरचे सार्डिन मासे बोटं चाटत खाल्ले होते. रोज संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून ती बंदरापर्यंत फेरी मारायची आणि थंडगार ओर्चाता पिऊन ओठांवर पांढरी मिशी काढायची. पाऊल भिजवलं नव्हतं ते तेवढं समुद्रात.

आणि बघायची मात्र कशी! सकाळी ऊन पाण्यावर उतरलं की बोलता बोलता तिचं वाक्य तुटायचं. हात छातीशी जायचा. इतक्या वर्षांत त्या बघण्याला सवय म्हणून लागली नाही. पहिल्या वर्षी बसमधून उतरून ती बुटांसकट ओल्या वाळूपर्यंत गेली आणि तिथेच थबकली. नवरा पाण्यातून हाका मारत होता. ती म्हणाली, "बाई गं, एवढं मोठं एका वर्षात कसं उरकायचं? हे पुढच्या वर्षाला राहू दे. नाहीतर परत यायला कारण काय?" त्या वर्षापासून समुद्र दर वर्षी पुढच्या वर्षावर गेला. तो राहिलाय म्हणूनच आपल्याला परत बोलावणं येतं, अशी तिची साधी श्रद्धा होती.

एनारला हे सगळं पाठ होतं. म्हणूनच यंदा तिचा जीव तुटत होता. जूनमध्ये डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आई पुढचा उन्हाळा बघणार नाही. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं भावंडांनी ठरवलं. आता पाण्यात चल म्हणायचं, पण का ते सांगायचं नाही. मग तिने समुद्रासमोरची महागडी खोली घेतली. आई म्हणेल त्याला हो म्हटलं.

"यंदा भांडत का नाहीस गं माझ्याशी?" आईने एकदा विचारलं.

"सुट्टीवर आलोय ना."

आईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग ती पुन्हा समुद्राकडे बघू लागली.

निघायचा दिवस उजाडला. बॅगा भरून झाल्या होत्या. एनारने हार मानली होती. खुर्च्या मांडल्यावर तिने स्वतःच टोपलीतला एक पीच पुसून आईपुढे धरला. आईने तो घेतला, हातात फिरवला आणि परत टोपलीत ठेवला.

"नको. आज उठल्यापासून पोटात काही नाही माझ्या."

एनारला क्षणभर अर्थच लागला नाही. मग ती अशी उठली की खुर्ची उलटी झाली.

फुएनसिस्लाने चपला काढल्या. पाणी घोट्यांना लागलं तशी तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. गुडघ्यांशी तिचा फुलाफुलांचा झगा फुगून तरंगू लागला. मागे कास्तोने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"उचलतोय गं हा मला!" पहिली लाट आली तशी ती ओरडली. बोट बुडवून तिने जिभेला लावलं. "खारट! खरंच खारट आहे की!"

एनार पोरीसारखी हसत होती. शेवटी जमलं, आईने ऐकलं, एवढंच तिच्या मनात होतं. दोघी हातात हात धरून आणखी पुढे गेल्या. आता समोर ना छत्र्या होत्या, ना माणसं. पाणी होतं आणि आभाळ होतं, आणि त्यांची शिवण कुठे दिसत नव्हती.

"केवढा आहे," फुएनसिस्ला हळूच म्हणाली. "आणि मी त्याच्या आत आहे."

पाणी छातीशी आलं तेव्हा एनारच्या डोक्यात प्रकाश पडला. आईने पुढच्या वर्षासाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

"आई..." ती म्हणाली.

फुएनसिस्लाने तिचा हात घट्ट दाबला. नजर समोरच होती.

"रडू नकोस, पोरी. इथे खारं पाणी काय कमी आहे?"